इसाराची नोट आणि जहाजाचा भाव

जहाजाने फिरायला जाणे पूर्वीपेक्षा महाग झाले की स्वस्त, असा साधा प्रश्न मला कोणी विचारला, तर मला उत्तर देता येणार नाही. हे कबूल करताना संकोच वाटतो, कारण हुमनाबादच्या एका हायस्कूलमध्ये मी एकोणतीस वर्षे गणित शिकवले. शेकडेवारी आणि नफा-तोटा फळ्यावर सोडवून दाखवताना माझा हात कधी अडखळला नाही. लिहायला मात्र मी निवृत्तीनंतर, फार उशिरा बसले. आणि बसल्यावर जे गणित मला सुटले नाही, तेच पहिल्यांदा लिहावेसे वाटले.

ते गणित माझ्या थोरल्या बहिणीचे आहे. तिला मी अक्का म्हणते. आमचे माहेर कोहिनूर. अक्काला संतपूरला दिले, मला हुमनाबादला. मला शाळेत घातले गेले, अक्का चौथीनंतर घरी राहिली. त्यामुळे मी पुस्तकातून शिकले आणि ती आमच्या वडिलांकडून, आबांकडून शिकली, असे म्हणता येईल.

आबा जनावरांच्या बाजारात दलाली करीत. तिथे भाव तोंडाने ठरत नसे. विकणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहात, आबा डोक्याचा रुमाल सोडून दोघांच्या हातांवर टाकीत, आणि मग रुमालाखाली बोटे दाबून बोलणी होत. एक बोट धरले की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा धरला की पाच. शेकडा की हजार, हे ज्याचे त्याने समोरचे जनावर पाहून समजून घ्यायचे, विचारायचे नाही. रुमालाच्या वर दोघेही हवे ते बोलत, ‘असल्या भावात शेळी तरी येते का’ म्हणून ओरडत. पण रुमालाखालच्या बोटांनी खरे तेच सांगायचे, हा तिथला नियम होता. भाव पटला की घेणारा इसार देई, म्हणजे सौदा पक्का केल्याची खूण म्हणून एखादी नोट. ती नोट आबा रुमालाच्या वेगळ्या कोपऱ्यात बांधून ठेवीत. सौदा पुरा होईपर्यंत इसाराची नोट मोडायची नाही आणि इसार घेतल्यावर भाव बदलायचा नाही. इसार घेऊन फिरलेल्या माणसाला आबा पुन्हा दारात उभे करीत नसत.

आबांच्या ओळखीचे एक व्यापारी होते, त्यांना आम्ही चाचा म्हणत असू. ते एक खिल्लारी जोडी विकून जहाजाने हजला जाऊन आले होते. परतल्यावर आमच्या ओसरीवर बसून त्यांनी समुद्र सांगितला: “किद्दर देखो पानीच पानी, बेटा. जमीन का नाम नै.” मी तेव्हा लहान होते; एवढे पाणी असूनही पिता येत नाही, याचेच मला नवल वाटले. अक्काने मात्र दुसरेच विचारले होते: “चाचा, जहाज का भाव क्या था?” चाचा हसून म्हणाले, “एक जोडी, बेटी. एक जोडी बैल.” मला वाटते, अक्काच्या मनात जहाज तेव्हापासून उभे होते.

माझी नोकरीची शेवटची काही वर्षे उरली होती, तेव्हाची गोष्ट. अक्का दाढ काढायला हुमनाबादला आली होती. गालाला पदर लावून ती वर्तमानपत्र चाळत बसली होती, आणि आतल्या पानावर तिला जहाजाची जाहिरात सापडली. मुंबईहून निघायचे, गोव्याला जाऊन परत यायचे, राहणे-खाणे जहाजावरच. माणशी अठरा हजार रुपये.

“हे बघ,” ती सुजलेल्या तोंडाने म्हणाली, “भाव लिवलाय की. म्हंजे ठरलं.”

“अक्का, ही नुसती जाहिरात हाय. आपन जाऊस्तोवर बदलंल.”

“कामून बदलंल? तोंडानं सांगितलेला भाव बदलत न्हाई, अन् ह्येनं तर छापून सांगितलाय.”

तिने कमरेची पिशवी सोडली आणि पाचशेची एक नोट माझ्या हातावर ठेवली. “हा इसार. जहाजवाल्याला दे. म्हनाव, संतपूरची बाई यायलीय, जरा दम धर. तुरीचं जमलं की बाकीचे देते.”

मी नको म्हणू शकले असते. जहाजाला इसार चालत नाही, हे तिला समजावून सांगू शकले असते. पण अक्काला माझ्याकडून काही फुकट नको असते, आणि मला कोणाला तोंडावर नाही म्हणता येत नाही. या दोन गोष्टींच्या मध्ये ती नोट माझ्या मुठीत राहिली.

जाहिरातीतल्या क्रमांकावर मी एकदा फोन केला. एका यंत्राने अमुकसाठी एक दाबा, तमुकसाठी दोन दाबा, असे सांगायला सुरुवात केली आणि इसारासाठी काय दाबावे हे मला न कळल्यामुळे मी फोन ठेवला. कलबुर्गीला सहलींचे एक कार्यालय आहे, असे कळले होते. शाळेच्या कामासाठी गेले असताना दोनदा त्या काचेच्या दारापर्यंत गेले. आत एक तरुण बाई संगणकापुढे बसलेली दिसली. तिला काय म्हणायचे? संतपूरची बाई येणार आहे, जरा दम धरा? दोन्ही वेळा मी समोरच्या गाड्यावर उसाचा रस प्याले आणि बस धरून परत आले.

अक्का दर वर्षी विचारी, “जहाजवाल्याला सांगितलंस न्हवं?”

“सांगितलंय,” मी म्हणे.

एके दिवशी पाचशेच्या जुन्या नोटा चालेनाशा झाल्या. मी बँकेपुढे रांगेत उभी राहिले आणि घरखर्चाच्या नोटा बदलून आणल्या. अक्काची नोट मात्र कपाटात, नोकरीच्या कागदांच्या घडीत तशीच राहू दिली. इसाराची नोट मोडायची नाही, ही घरची रीत. पण जी नोट कोणीच घेणार नाही, तिने केलेला सौदा अजून पक्का आहे की नाही, हे मला कळेना. आणि विचारायचे तर ज्यांना कळले असते ते आबा राहिले नव्हते.

पुढे एका वर्षी तूर मर रोगाने गेली. एका वर्षी दाजींनी, म्हणजे अक्काच्या यजमानांनी, नवी बोअर मारली. मग साथ आली आणि जगातली सगळी जहाजे म्हणे बंदरात उभी राहिली. त्या काळात माझी निवृत्ती झाली आणि अक्काचे गुडघे गेले. जिना चढताना ती कठड्याला दोन्ही हातांनी धरू लागली.

गेल्या वर्षी तुरीची रास झाल्यावर तिचा फोन आला.

“मास्तरीणबाई, अठरा जुळले. इसार काढून साडेसतरा. कधी निघायचं?”

मी विचारले, “दाजी येतेत का?”

मागून दाजींचाच आवाज आला: “आपल्याला न्हाई जमत. बोअरला दोन इंच पानी आलंय, त्योच आपला समिंदर.”

माझ्या घरचा प्रश्न नव्हता. आमच्या यांना घाटातल्या बसमध्येसुद्धा मळमळते. म्हणजे आम्ही दोघीच. मी फोन ठेवला. इसार पोहोचलाच नाही आणि तो भाव आता राहिला नसेल, हे खरे सांगितले तर अक्का येणार नव्हती. वरचे पैसे माझ्याकडून घेऊन तर नाहीच नाही. आणि तिच्या गुडघ्यांकडे पाहता, आता नाही तर पुढे कधी नाही, हे आम्हा दोघींनाही कळत होते.

या वेळी मी काचेचे दार ढकलले. पूर्वी बाहेरून पाहिलेली तीच बाई आत होती, आता जरा भरलेली. तिने मला “बसा मॅडम” म्हटले आणि संगणकात पाहून सांगितले, “सोळा हजारांपासून आहे.”

मला ऐकण्यात चूक झाली असे वाटले. “माझ्याकडे अठराचा भाव आहे,” मी म्हणाले.

“कुणी दिला, मॅडम?”

मी इतकी वर्षे जपलेल्या जाहिरातीच्या कात्रणाची घडी पुढे केली. तिने ती दोन बोटांनी धरली, पाहिली आणि तोंडावर हात ठेवून हसली. “अय्यो, हे जहाज तर आता नाहीच. कंपनी पण दुसरी. पण बघा ना, स्वस्तच झालं की.”

मला एवढा आनंद झाला की मी लगेच होकार देणार होते. तेवढ्यात ती पुढे बोलू लागली. सोळा म्हणजे नुसती खोली, तीही खिडकी नसलेली. खिडकी हवी असेल तर वेगळे. बंदराचे पैसे वेगळे. जहाजावरच्या माणसांच्या सेवेचे, दर रात्रीचे वेगळे. त्यावर कर. मोबाइल चालवायचा असेल तर त्याचे वेगळे, आणि काही जेवणघरांत जेवायचे असेल तर त्याचेही. “पूर्वी असं नव्हतं मॅडम, एकच आकडा असायचा. आता तिकीट कमी, वरचं जास्त.”

“मग खिडकीसकट, सगळं मिळून?”

“आज एकतीस.”

“आज म्हणजे?”

“उद्या एकोणतीस असेल, छत्तीस पण असेल. रिकाम्या खोल्या किती, त्याच्यावर आहे. शेजारच्या खोलीतला माणूस वेगळ्याच भावात आलेला असतो.”

“मग खरा भाव कुठला?”

तिने माझ्याकडे जरा कीव येऊन पाहिले असावे. “संध्याकाळपर्यंत एकतीस हाच खरा, मॅडम.”

मी विचार करते म्हणून उठले आणि पुढचे तीन आठवडे खरोखर विचारच केला. तिने मोबाइलमध्ये भाव पाहायला शिकवले होते. सकाळी पाहिला की एक, दुपारी दुसरा. शाळेतला आलेखाचा एक कागद शिल्लक होता, त्यावर मी ठिपके मांडले. ते जोडून रेषा होईना. भाव चढतो तो का आणि उतरतो तो का, याचे कारण मला सापडले नाही. विद्यार्थ्याने असा आलेख आणला असता तर मी त्याला पुन्हा मोजून आणायला सांगितले असते.

मग मी भावाला रुपयांतून बाहेर काढून पाहिले. चाचांच्या वेळी जहाज म्हणजे एक बैलजोडी. आज चांगल्या जोडीचे मोल इतके आहे की त्यात मी, अक्का, दाजी आणि आमचे हे, असे चौघे समुद्रावर जाऊन येऊ. म्हणजे जहाज फारच स्वस्त झाले. पण आज जोडी विकायला कोणाकडे आहे? पेरणी ट्रॅक्टरवर होते. तुरीत मोजावे तर तुरीचा भाव जहाजाहून चंचल. एका हंगामात जहाज पाच पोत्यांचे, दुसऱ्यात आठांचे. माझ्या पगारात मोजावे, तर जाहिरात आली तेव्हा अठरा हजार मला डोंगराएवढे वाटले होते आणि आता एकतीस हजार पेन्शनमधून देता येत होते. शिवाय चाचांनी भाकरी-पिठाचे गाठोडे सोबत नेले होते, आणि ते फिरायला गेलेच नव्हते. मग मी कशाची तुलना कशाशी करत होते? जेवढी मापे घेतली तेवढी उत्तरे आली, आणि ती सगळी बरोबर होती.

एका सकाळी भाव पुन्हा एकतीसवर आला. तो वर जाईल या भीतीने मी तिथल्या तिथे दोघींचे पैसे भरले. अक्काला फोनवर सांगितले, “ठरलेल्याच भावात झालं.”

“मी म्हनलं न्हवतं का,” अक्का म्हणाली. तिच्या आवाजात विजय होता. चार दिवसांनी ती स्वतः बसने आली आणि साडेसतरा हजार माझ्या हातावर ठेवून गेली.

जहाज अक्काने आधी नीट पाहिले नाही. चढताना तिचे सगळे लक्ष पायऱ्यांकडे होते. खोलीत गेल्यावर तिने खिडकीशी खुर्ची ओढली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही. मधूनच म्हणे, “हाय. अजून हायच.” पाण्याबद्दल बोलत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या टेबलावर सोलापूरच्या एक बाई आमच्यापाशी बसल्या. मराठी ऐकून त्यांना बरे वाटले. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्यांनी, मी ज्याची भीती धरून होते, तेच विचारले.

“तुम्हाला कितीला पडलं हो? आम्हाला चौतीस.”

पलीकडच्या टेबलावरचे एक गृहस्थ वळले. “चौतीस? आम्ही सव्वीसमध्ये आलो, शेवटच्या आठवड्यात घेतलं.”

“अगंबाई! खिडकी आहे?”

“गॅलरी आहे.”

सोलापूरच्या बाईंचा चेहरा पडला. मग आणखी दोघे-तिघे बोलू लागले आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा निघाला. अठरा कोणीच म्हणाले नाही. मी इडलीकडे पाहात राहिले. अक्का सगळे ऐकत होती.

“अक्का, तुम्हाला?” बाईंनी विचारले.

“आमचा जुना सौदा हाय,” अक्का म्हणाली आणि चहा संपवला.

नंतर ती मला वरच्या डेकवर घेऊन गेली. गुडघे दुखत असूनही एकदाही थांबली नाही. ऊन चढले होते, लोक पोहण्याच्या हौदाभोवती जमले होते. एका बाकावर ती बसली, मला शेजारी बसवले, आणि पदर ओढून आमच्या दोघींच्या हातांवर टाकला.

मला क्षणभर काही समजले नाही. मग तिची राठ बोटे माझ्या तळव्याला लागली आणि ती थांबली. ती माझ्या आकड्याची वाट पाहात होती.

पदराच्या वर मी अजूनही म्हणू शकले असते, की अक्का, तसं न्हाई गं. पण पदराखाली खोटे सांगायचे कसे, हे आम्हाला कोणी शिकवलेच नव्हते. मी तिची तीन बोटे धरली. सोडली. मग एक धरले.

अक्काने समुद्राकडे पाहिले. “लई वारं सुटलंय,” ती मोठ्याने म्हणाली, अगदी बाजारात रुमालाच्या वर बोलायचे तसे. मग पदराखालीच तिने तळवा पसरला. “इसार कुठाय?”

ती नोट मी सोबत आणली होती. का आणली होती, हे मला सांगता येणार नाही. पर्समधून काढून दिली. तिने ती उलगडली आणि जुनी नोट ओळखून माझ्याकडे पाहिले.

“म्हंजे तू कुनाला दिलीच न्हाईस.”

“न्हाई.”

“येवढी वरसं सांगितलंय सांगितलंय म्हनालीस.”

“मला आत जायची लाज वाटली, अक्का.”

मला वाटले, ती आता उठून खोलीत जाईल आणि उरलेला सगळा प्रवास माझ्याशी बोलणार नाही. तिने नोटेची पुन्हा घडी घातली. मग तिने पदराखाली माझा सगळा पंजा धरून दाबला. पाच.

पाच काय? पाच हजार? पाच वर्षे? समोर जनावर असते तर समजले असते. समोर पाणी होते. विचारायचे नाही, एवढे मला आठवत होते. मी तिचा हात दाबून होकार दिला. सौदा कशाचा झाला हे न कळताच मी तो केला.

“ही ठिव,” म्हणत तिने नोट परत माझ्या हातात दिली. “पुढल्या खेपंचा इसार. दाजीस्नी बी आनायचंय. भाव एकतीस. ह्या टायमाला खरंच सांग जहाजवाल्याला.”

मग ती हसली, आणि पदर नीट करून पुन्हा पाण्याकडे पाहू लागली.

घरी परतून पंधरा दिवस झाले, तेव्हा संतपूरहून एक छोटा टेम्पो आमच्या दारात आला आणि त्यातून तुरीचे पाच कट्टे, म्हणजे लहान पोती, उतरले. मी अक्काला फोन केला.

“पाच म्हणजे कट्टे होते?”

“मंग? तुला काय वाटलं? मला काय पगार हाय?” मग म्हणाली, “आबांसंगं बाजारात बसली न्हाईस तू. नुसती शिकलीस.”

त्या दिवशीचा तुरीचा भाव मी पाहिला नाही. पाहिला असता तर अक्काने जास्त दिले की कमी, हे कळले असते, आणि दुसऱ्या दिवशी तेही बदलले असते. दोन माणसांच्या घरात पाच कट्टे तूर ठेवायला जागा करण्यात माझा आठवडा गेला.

त्यानंतर मी कलबुर्गीला गेले. रसाच्या गाड्याकडे न पाहता सरळ काचेच्या दारातून आत शिरले आणि त्या बाईसमोर ती नोट ठेवली.

“संतपूरची बाई पुन्हा येणार आहे,” मी म्हणाले. “यजमानांना घेऊन. तुरीच्या राशीनंतर. भाव एकतीस धरा.”

तिने नोट उचलून उजेडात धरली. “मॅडम, ही चालत नाही.”

“मला माहीत आहे. पण ती इसाराची आहे.”

ती माझ्याकडे आणि नोटेकडे आळीपाळीने पाहात राहिली. मग सवयीने संगणकाकडे वळली. “आणि एकतीस कशाला, मॅडम? आज अठ्ठावीस आहे.”

मी खाली बसले. म्हणजे मी आता भाव वाढवून मागत होते. तीन हजार सोडून द्यावेत की धरून ठेवावेत, हंगामापर्यंत हा आकडा कुठे गेलेला असेल, आणि अक्काला यातले काय सांगावे, मला काहीच कळेना. एवढेच कळले, की या वेळी मी आत आले होते आणि निरोप ज्याचा त्याला पोहोचवायचा होता.

“एकतीसच धरा,” मी म्हणाले. “आमचं ठरलंय.”